दारातला कडुलिंब

आमच्या नंदुरबारच्या साप्ताहिकाचा तो बातमीदार आणि मी छापखान्यात खिळे जुळवणारा. माणूस गोड. तो आला की टांगेवालेही आत डोकावत. सगळ्यांच्या पोराबाळांची नावं त्याला पाठ. मरणाची बातमी वाचून दाखवताना त्याचा गळा खरोखर दाटून येई.

एकदा दुपारी तो दारातल्या कडुलिंबाखाली थांबला, पाला चावला आणि मगच उंबरा ओलांडून आत आला. आमच्याकडे स्मशानातून परतलेला माणूस असं करतो. मी विचारलं, "कोन गया?"

"कोनी नही, नाना. पाला खादा की पोट साफ ऱ्हास," तो हसला.

दुसऱ्या दिवशी रनाळ्याच्या वाटेवर कापसाच्या एका शेटचं प्रेत सापडलं. कुणीतरी गळा आवळला होता. बातमी त्यानेच लिहिली, इतकी सुंदर की शेटाणीबाईंनी ती जपून ठेवली. पुढे खांडबाऱ्याला एका ठेकेदाराचं तसंच प्रेत सापडलं, त्याच्याही आदल्या दिवशी हा पाला चावूनच आत आला होता.

सांगू कुणाला? फौजदार रोज त्याच्याबरोबर चहा पितो.

आज तो पुन्हा कडुलिंबाखाली थांबला. "काय चाली ऱ्हायनं, नाना?" म्हणत, पाला चावत आत आला. मी मान वर केली नाही. पहिल्या पानावर उद्याच्या बातमीसाठी चार बोटं जागा मोकळी ठेवली.