जबाबदारी निश्चित करणारे आजोबा

आजोबांची सगळी नोकरी खात्यातल्या चौकशा करण्यात गेली. गोदामात पाणी शिरो की कचेरीतला पंखा जळो, 'जबाबदारी निश्चित' झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. दोषी सापडला नाही असं कधी झालंच नाही. फारच अडलं तर शिपाई होताच. निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, खोड गेली नाही.

अशात नात जन्मली, हृदयात भोक घेऊन. ऑपरेशन ठरलं. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि आजोबांना मात्र काम मिळालं. सुनेला समोर बसवून उलटतपासणी सुरू झाली. जिने किती चढलीस? मोबाइल उशाशी ठेवायचीस ना? त्या तापात गोळी कुठली घेतलीस? ओली बाळंतीण बिचारी, खाली मान घालून उत्तरं देत राहिली. तिचा नवरा शेजारीच मूग गिळून बसला होता.

एवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा सगळी वरात डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी एपिजेनेटिक्स समजावलं. "जीन्स म्हणजे घरातले दिवे समजा, काका. कोणता दिवा कधी लागतो, ते महत्त्वाचं. हृदय घडताना ही बटणं भराभर चालू-बंद होतात. आईची साखर, बापाची सिगारेट, एखादं औषध, अशा पुष्कळ गोष्टींनी त्यात फरक पडू शकतो. पण या बाळाच्या बाबतीत नेमकं काय झालं, ते सांगता येत नाही."

आजोबांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. "आईची साखर! म्हणजे हीच!"

"त्यांची साखर अगदी व्यवस्थित होती. यात कुणाचीच चूक नाही."

"असं कसं? कुणीतरी असणारच की!"

सून उठली. "माझंच नाव घाला, बाबा. पण ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही यायचं नाही. माझ्या मुलीजवळ तुम्ही मला नको आहात."

नातीवर आजोबांचा जीव होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. ऑपरेशनच्या दिवशी ते घरी एकटेच फोन मांडीवर घेऊन बसले. दुपारी बायकोचा फोन आला. "झालं नीट. पोरगी सुखरूप आहे."

आजोबा रडले, अगदी हुंदके देऊन. मग म्हणाले, "आता तरी येऊ का?"

"सुनेला विचारलं मी. नको म्हणाली."

"अगं, पण यात माझी काय चूक?"

बायकोने सांगायला सुरुवात केली. लग्नापासूनचं साठलेलं होतं. श्वास घ्यायलाही ती थांबली नाही.