घसरलेलं ॲव्हरेज

बायको वारली त्या वर्षी गाडीच्या स्क्रीनवरचं ॲव्हरेज उगाचच घसरायला लागलं. मी टायरची हवा तपासली, एअर फिल्टर बदलला, पेट्रोल पंपही बदलून पाहिला. शेवटी काशीगावच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने विचारलं, "गाडी खडी करके इंजिन चालू रखते हो क्या?"

"पागल हूँ क्या मैं?" मी त्याच्यावर खेकसलो.

संध्याकाळी गोडदेवला आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावली आणि रोजच्यासारखा एसी चालू ठेवून आत बसून राहिलो. वर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अंधार होता. डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा आकडा एका पॉइंटने खाली आला. थोड्या वेळाने आणखी एकाने. मी नुसता बघत राहिलो.

इंजिन बंद केलं असतं, तर वर जावं लागलं असतं.