कापसाच्या ढिगात आठ गाणी

माझा पहिला अल्बम कापसात रेकॉर्ड झाला आहे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. वेचून आणलेल्या, सरकीसकट, घरातल्या मधल्या खोलीत छतापर्यंत भरलेल्या खऱ्या कापसात.

आधी माझ्या तत्त्वांबद्दल सांगते, कारण सगळं वाटोळं तिथूनच सुरू झालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी शेतकऱ्यांच्या चळवळीत होते. तिथे ते पत्रकं लिहायचे. उरलेल्या गठ्ठ्यांतून माझ्या वह्यांना कव्हरं घातली जात. मी 'क' शिकले तो कमळाचा नव्हे, 'कापसाला भाव द्या!' मधला. नावही त्यांनी क्रांती ठेवलं. (मी आजारी पडले की गुरुजी हजेरी घेताना "क्रांती गैरहजर!" असं फार समाधानानं म्हणत.) अशा घरातली मुलगी गाणी लिहायला लागली तर ती चांदण्यांची थोडीच लिहील? माझी आठही गाणी कुणाला ना कुणाला जाब विचारत होती.

परभणीत एक स्टुडिओ होता. पण तिथे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं झालं होतं, म्हणून मी त्याची पायरी चढणार नव्हते. "अल्बम घरीच करीन, आपल्या झरी गावातच करीन आणि पाडव्याला पारावर गावासमोर वाजवीन!" असं मी जाहीर केलं. नुसतं तोंडानं नाही, पत्रक छापून. दोनशे प्रती!

सगळी पत्रकं वाटून झाल्यावर मी पहिल्यांदा रेकॉर्डिंगला बसले. (हा क्रम चुकला, हे आता कळतं.)

पुढच्या खोलीत बसले तर समोरची पिठाची गिरणी सुरू झाली. पत्र्याच्या खोलीत गेले तर पत्र्यावर वानरं आली. मागच्या पडवीत शेजारच्या शेवंताकाकूंच्या शेळ्या. मी गायचे, "कोण देईल उत्तर?" आणि शेळी लगेच उत्तर द्यायची! कष्टकऱ्यांचा, जनावरांचा, गिरणीचा प्रत्येक आवाज माझ्याच बाजूचा आहे हे मला तत्त्वतः मान्य होतं. पण सगळ्यांनी एकदम?

चौथ्या दिवशी मी वैतागून मधल्या खोलीत पोतं आणायला गेले. तिथे मला शिंक आली, आणि ती जिथल्या तिथे संपली. घुमली नाही, परत आली नाही. मी टाळी वाजवली. टाळीही गिळली गेली. बाहेर गिरणी सुरू होती, ती कुठे दूर झोपेत घोरत असल्यासारखी ऐकू येत होती. लाखो रुपये ओतून शहरातले लोक भिंतींना जे काही चिकटवतात, ते आमच्याकडे शेतातून आलं होतं!

मी त्या ढिगात एक बीळ केलं. तुळईला दोरी बांधून माईक टांगला. तोंडाचा वारा लागू नये म्हणून आईची पिठाची चाळणी, तिच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा. लॅपटॉप मांडीवर. आत शिरले, पहिल्याच सुराला डोळ्यांत पाणी आलं. इतका स्वच्छ आवाज माझा मीच कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या सुराला खाज सुटली.

घरात कापूस साठवलेल्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगते : ऊन तापायला लागलं की साठवलेला कापूस चावतो. कोण चावतं ते दिसत नाही, पण रात्रंदिवस चावतं. "उठा, शोषितांनो", खर्र खर्र. "आता नाही झुकायचं", खर्र. एकेका गाण्याचे चाळीस चाळीस टेक झाले. माझ्या आवाजातली धग ऐकून ऐकणारे पुढे थक्क झाले. ती धग नव्हती, मी न खाजवता कडव्याच्या शेवटापर्यंत पोचायचा प्रयत्न करत होते.

घरात या कापसाला कंटाळलेलं एकच माणूस होतं. आई.

"किती दिस बसायलीस वं त्या कापसात?"

"दोनच गाणी राहिलीत, आई."

"तुझी गाणी राहिलीत, तुझ्या बापाचा भाव राहिलाय. मधात मी बेजार! अंथरुणात खाज, जेवताना खाज. हळदीकुंकवाला बायका आल्या, त्या उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून कुंकू लावून गेल्या. मला काय देवी आल्यात का?"

तेवढ्यात अण्णा बाहेरून आले ते हसतच.

"भाव वाढायलाय. व्यापाऱ्याचा फोन होता. परवा टेम्पो येतोय, कापूस काढून टाकू."

आईनं तिथंच भिंतीवरच्या सगळ्या देवांना हात जोडले. मी मात्र बोटांवर मोजायला लागले. दोन गाणी बाकी, आणि त्यातलं एक म्हणजे अल्बमचं मुख्य गाणं : 'भाव द्या!' रिकाम्या खोलीत ते गायलं असतं तर विहिरीत पडलेल्या माणसासारखं वाटलं असतं. पाडवा दहा दिवसांवर, आणि गावात माझी दोनशे पत्रकं!

इथे मी जे केलं ते एका तत्त्वनिष्ठ मुलीला शोभणारं नव्हतं. म्हणून मी ते तत्त्वाच्याच जोरावर केलं. माळ्यावरच्या पेटीतून तिसरीची वही काढली आणि तिच्या कव्हरवरचं पत्रक अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'बंधूंनो! भाव जरा हलला की घाईनं माल काढणारा शेतकरी आपल्याच हातानं आपल्या भावाचा गळा घोटतो! थांबा! थांबण्यात ताकद आहे!'"

अण्णा जवळ आले. "कुणी लिहिलंय गं हे?"

"तुमी, अण्णा."

"मी?" त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर-खाली केला. "काय पेटून लिहायचो राव मी!"

त्यांनी तिथंच व्यापाऱ्याला फोन लावला. "टेम्पो पाठवू नका. आमचा माल तत्त्वासाठी थांबलाय."

"त्या तत्त्वाला म्हणावं," आई आतून ओरडली, "आज राती माझ्या अंथरुणावर झोपायला ये!"

मला वाटलं, प्रश्न मिटला. पण अण्णांच्या अंगात जुनी चळवळ संचारली होती. ती वही घेऊन ते गल्लीत निघाले. "आमच्या पोरीनं डोळे उघडले माझे," असं दारोदार सांगत सुटले. शेवंताकाकूंचा कापूस पोत्यांत भरून तयार होता. तो त्यांनी परत खोलीत ओतला. "अण्णा थांबले म्हणल्यावर आमी कसं इकावं?" आणखी दोन घरं थांबली. चार घरांचा कापूस, माझ्या दोन गाण्यांसाठी!

तिसऱ्या दिवशी भाव पडला. चौथ्या दिवशी अजून पडला. अण्णा म्हणत, "ही शेवटची लढाई हाय, थांबा." लोक थांबले आणि खाजवत राहिले. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात समोरासमोर आलेली माणसं आधी पाठ भिंतीला घासून घेत, मग रामराम घालत.

"क्रांते," शेवंताकाकूंनी मला अडवलं, "कवा वाढंल गं भाव? तू शिकलेली हायस. खरं सांग."

"वाढेल, काकू," मी म्हणाले. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. मी त्यांच्या शेळीकडे बघत होते. शेळीनंही मान फिरवली.

मी सरळ बिळात शिरले आणि त्या अपराधी भावनेच्या भरात 'भाव द्या!' असं गायले, असं गायले, की मलाच काटा आला. आधीचे चाळीस टेक वाया गेले होते; हा एका दमात, न खाजवता! गाणं संपल्यावर तशीच मागे कापसावर डोकं टेकून पडून राहिले. अजून एक गाणं बाकी होतं. तेही दोन दिवसांत उरकलं.

मग जोडाजोड, 'भाव द्या!' सगळ्यांत शेवटी. 'भाव द्या!'च्या शेवटी एक मिनिट कोरं राहिलेलं दिसलं, म्हणजे मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरले होते. सरळ रेघ, मध्ये दोन-चार बारीक उंचवटे. म्हटलं, शेळी असेल. कापायला गेले आणि हात थांबला. अल्बमचा शेवट शांततेनं केला तर? मौन हाही निषेधच असतो! ते ऐकून तपासावं असं मला वाटलं नाही. मौन काय ऐकायचं!

पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभ्या करून लोक पारावर जमले. समोर अण्णा, बाजूला आई, मागे गल्लीतली खाजवणारी बाकीची तीन घरं. मोठे स्पीकर मागवले होते. गाणी वाजली. लोकांनी माना डोलावल्या. एकानं "लय भारी!" म्हटलं. 'भाव द्या!' संपलं तेव्हा अण्णांनी डोळे पुसले, आणि मला वाटलं, सगळं वसूल झालं.

मी माईक हातात घेतला. "आता एक मिनिट शांतता आहे. ती नीट ऐका."

लोक उठून उभे राहिले. टोप्या काढल्या. "कोण वारलं?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

आणि त्या शांततेत, दोन्ही स्पीकरांतून, मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जाईल असा माझा आवाज आला :

"देवा, अजून चार दिस भाव वाढू देऊ नको रे. अजून थोडा पडला तरी चालंल. अण्णांनी कापूस इकला तर माझं गाणं राहील. येवढं एक गाणं होऊ दे, बाबा. मग कर काय करायचं ते."

त्यानंतर खरी शांतता झाली.

पहिल्या बोलल्या शेवंताकाकू. "आगं, पर तू तर देवाला मानत न्हाईस ना?"

"आन देवानं ऐकलं बी हिचंच!" कुणीतरी भर घातली. "आमी सहा महिने झालं मागायलोत!"

मी अण्णांकडे बघितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सावकाश टोपी डोक्यावर चढवली, मान खाजवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लोकहो, चुकलं माझं. उद्या टेम्पो बोलावतो. चारी घरचा कापूस ही भरंल. एकटी."

"चाळणी धुऊन दे आधी माझी," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मी महिन्याभरात पहिल्यांदा हसू बघितलं.

मी तीन दिवस कापूस भरला. काकूंच्या खोलीतला शेवटचा मूठभर कापूसही त्यांनी मला कोपऱ्यातून वेचायला लावला. भाव पडलेलाच होता. कुणी मला तोडून बोललं नाही, फक्त पोतं उचलताना प्रत्येकजण म्हणायचा, "चार दिस थांबायचं का अजून?"

अल्बम आता गावभर मोबाइलवर आहे. आठ गाणी कुणी लावत नाही. चहाच्या टपरीवर मागणी होते ती एकाच गोष्टीची : "ती देवाची लाव रे!" व्यापाऱ्यानं तर ती फोनची रिंगटोन करून ठेवली आहे. आमच्या अण्णांचा फोन गेला की आधी मी वाजते.

मी रागावले, भांडले, निषेधाचं एक पत्रकही लिहायला घेतलं. मग एकदा मन घट्ट करून ती क्लिप कान देऊन ऐकली. खोटं कशाला बोलू? आवाज स्वच्छ, भाव खरा, खाजवल्याचा मागमूस नाही. सबंध अल्बममध्ये पहिल्या टेकला जमलेलं तेवढं एकच आहे.