अबुधाबीची हिरवी लीग

मी कॉलेज फुटबॉल खेळलोय. तेही फॉरेनमध्ये, सात वर्षं, गोलकीपर म्हणून! कॉलेजात तेवढं कधी शिकलो नाही. नववीलाच शाळेनं मला आणि मी शाळेला सोडलं.

ते दिवस जाऊन जमाना झाला, पण किस्से काही संपत नाहीत. शारजाच्या वाळूसारखे आहेत. बूट कितीदाही झटका, एखादा निघतोच.

*

नव्वदच्या दशकात आमची शारजात लीग होती. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांच्या सहा टीम, मॅच दर शुक्रवारी सकाळी. ग्राउंड म्हणजे इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोडाऊनमागची वाळू. सेक्रेटरी इक्बालभाई, रत्नागिरीकडचे, शिपिंग कंपनीत कामाला. बोलणं कमी, नियम जास्त. पहाटे फजरची नमाज झाली की हा माणूस स्वतः चुन्याच्या रेघा मारायचा.

मी तिथंच एका गॅरेजात मिस्त्री. कोल्हापूरच्या टीमचा गोलकीपर लग्नाला म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. पोरांनी मला उभं केलं. इक्बालभाईंनी फॉर्म काढला.

"कॉलेजात गेला होतास?"

"गेलो होतो की! प्रिन्सिपॉलसाहेबांची स्कूटर दुरुस्त करायला."

पोरांचे चेहरे पडले. इक्बालभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि फॉर्मवर लिहिलं, 'कॉलेजशी संबंध: आहे.'

*

पुण्याच्या टीमचे मॅनेजर देशपांडे. दुबईत बँकेत साहेब. गळ्यात शिट्टी, तोंडात लेक्चर. एका सीझनला त्यांनी जाहीर केलं, "आम्ही दुबईच्या लीगमध्ये चाललो. तिथं लॉन आहे, लाइट्स आहेत. इथं काय? वाळू!"

दुबईच्या मॅचेस गुरुवारी संध्याकाळी. देशपांड्यांच्या सगळ्या टीमचं ऑफिस दुबईत, पण घर शारजात, कारण भाडं कमी. टाय लावून ऑफिसात बुटांची पिशवी कशी न्यायची? लोक काय म्हणतील! म्हणून सुटल्यावर आधी शारजाला यायचं, पिशवी घ्यायची आणि परत दुबईला निघायचं. ट्रॅफिक तर तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या मॅचला शिट्टी झाली तेव्हा चार जण ग्राउंडवर आणि सात जण रस्त्यावर. वॉकओव्हर! पुढच्या तीन मॅचेसचंही तेच.

मी विचारलं, "साहेब, लॉन कसं आहे हो?"

"हिरवं आहे म्हणतात!"

*

दुबईवाल्यांनी त्यांना काढून टाकलं आणि माझ्या अंगात आलं. आमच्या गॅरेजच्या मल्याळी क्लार्ककडून इंग्लिशमध्ये टाइप करून घेतलं आणि देशपांड्यांच्या बँकेत फॅक्स सोडला. 'अबुधाबी लीग. खलिफा सिटीत नवं ग्राउंड, उत्तम लॉन. शुक्रवारी पाहणीस यावे. आपला, अध्यक्ष.'

देशपांडे सहकुटुंब गेले! पत्त्यावर एक अर्धवट बांधलेला व्हिला. वॉचमन म्हणाला, "ग्राउंड का नहीं मालूम, साब. इधर तो अभी टाइल लगेगी."

मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "पप्पा, आर वुई लॉस्ट?" हे मला नंतर देशपांडेवहिनींनीच सांगितलं.

मी शिव्या खायच्या तयारीत होतो. पण फसलो म्हणतील तर ते देशपांडे कसले! पुढच्या शुक्रवारी आमच्या ग्राउंडवर येऊन फॅक्सच्या कॉपी वाटत म्हणाले, "भव्य काम चाललंय तिकडं. टाइल्ससुद्धा इम्पोर्टेड!"

*

झालं! आठवड्याभरात मुंबई आणि नाशिकच्या टीमची पत्रं आली, 'आम्ही अबुधाबीला चाललो.' पुणे आधीच गेलेलं. उरल्या तीन टीम. आणि इक्बालभाईंचाच नियम होता, चारपेक्षा कमी झाल्या तर लीग खलास.

मी मुंबईच्या कॅप्टनला गाठलं. "अरे बाबा, अबुधाबीत काही नाहीये!"

तो हसला. "मिस्त्री, जळू नकोस. देशपांडेसाहेब स्वतः बघून आलेत."

*

त्या शुक्रवारी मॅच नव्हती. तरी सवयीनं ग्राउंडकडं गेलो, तर इक्बालभाई एकटेच रेघा मारत होते. सात वर्षांत एवढी सरळ रेघ मी बघितली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आता खरं बोलावं.

"इक्बालभाई, ती अबुधाबीची लीग आहे ना..."

त्यांनी चुन्याची बादली खाली ठेवली, हात पुसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. देशपांड्यांनी वाटलेली माझ्या फॅक्सची कॉपी! वरच्या कडेला फॅक्स मशीननं बारीक अक्षरात पाठवणाऱ्याचं नाव आपणहून छापलं होतं. आमच्या गॅरेजचं. एवढी पदवीधर मंडळी, पण एकानंही वर बघितलं नव्हतं!

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

त्यांनी लीगचं लेटरहेड आणि पेन माझ्या हातात दिलं.

"बस इथं. लिही. अबुधाबी लीग, तिच्यातल्या सगळ्या टीमसकट, शारजा लीगमध्ये विलीन होत आहे."

"मी? हे लिहिणारा मी कोण?"

"अध्यक्ष तूच ना? यल्ला, कर सही! आणि खाली कॉलेजचं नाव घालायला विसरू नकोस."