कुंदामावशी आणि लाल फुली

पोपट बोलला, "बायें मुडिये," अन मी लॅपटॉपात बघते तर डावीकडच्या रस्त्यावर लाल फुली. माझीच फुली, मीच मारलेली. आरू माझ्या छातीला चिकटलेली, घामानं भिजलेली, हात बर्फासारखे गार, तोंडातनं लाळ गळतेय. तीन वर्षांची पोर, इंगळी, म्हंजे लाल इंचू, डसून अर्धा तास पण नव्हता झाला. मोबाईलला रेंज नाय. मुरबाडचा दवाखाना लांब. कुंदामावशीनं फाट्यावर गाडी उभी केली, इंजिन चालूच, अन समोर बघत इचारलं, "डावी की उजवी? लवकर सांग." मला एकच शब्द बोलायचा व्हता. अन मी बोलले, "पोपट सांगतो तसं जावा, मावशी."

कोण मावशी, कसला पोपट, तुमाला काय कळणार. सांगते.

कुंदामावशी कल्याणची. वय साठीच्या पुढं, केस पोरासारखे बारीक कापलेले, पंजाबी ड्रेसवर पुरुषाचा शर्ट, पायात बूट. जमीन मोजायच्या नोकरीतनं रिटायर झालेली, लगीन केलं नाय. तिनं जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आतल्या शिटा काढल्या, तिथं पलंग, शेगडी, भांडी घासायला सिंक, टपावर सोलरची पाटी. आमी तिला घरगाडी बोलायचो. त्या घरगाडीतनं मावशीला अख्खा देश फिरायचा व्हता, एकटीनं. सगळं तयार, फक्त एक ठरत नव्हतं. रस्ता कोण दाखवणार? काचेला चिकटवायचा बोलका डबा, का लॅपटॉप? दोन्ही तिच्याकडं व्हते. डब्याला ती पोपट बोलायची अन लॅपटॉपला वही. फोनचं नाव काढलं तर बोलायची, "रेंज गेली की फोन म्हणजे आरसा. त्यात आपलंच तोंड बघायचं."

तिला आमच्या दारात पोपटानंच आणली. शेणव्याच्या पुढं आमचं घर, दिवाळी झालेली, खळ्यात भाताची झोडणी चाललेली. एवढी मोठी गाडी सरळ खळ्यात घुसली, चाक पेंढ्यावर. आमचे हे हातातला भारा टाकून धावले.

"ओ मॅडम, चालल्या कुठं?"

"हा डबा म्हणतो सरळ जा."

"सरळ माझी म्हस बांधलीय. तिला इचारा वाट देते का."

मावशी खरंच खाली उतरली. म्हशीपाशी गेली, हात जोडले अन बोलली, "काय हो बाई, जाऊ का?" आरू एवढी हसली, एवढी हसली, की हे पण हसायला लागले. मग चहा झाला. मावशीनं आंब्याखाली एक दिवस गाडी लावू का इचारलं, अन चार महिने राहिली. मी तिचा स्वयंपाक करायची, धुणं करायची, आरू दिवसभर त्या गाडीतच. मावशी बोलायची, "शहापूर-मुरबाडच्या वाड्यांमध्ये ज्याला रस्ता सापडेल, त्याला काश्मीरपर्यंत सापडेल. इथंच परीक्षा घेते दोघांची."

म्हणून एक दिवस पोपटाचा, एक दिवस वहीचा. दोघं एकदम नाय, कारण सोलरची बॅटरी पंखा अन दिवे धरून एकालाच पुरायची, अन वही तर लय खायची. पोपटाचं बरं व्हतं, थोडक्यात भागायचं, रेंज लागायची नाय, गाडी चालवता चालवता कानानं ऐकायचं. पण त्याच्या पोटातले रस्ते जुने. अन बोलायचा हिंदीत, बाईच्या आवाजात. रस्ता चुकला की दोबारा खोजायला लागायचा. मग मावशी गाडी कडेला घ्यायची, "शोध बाबा शोध, आम्ही चहा टाकतो," अन खरंच शेगडी पेटवायची. तो "बायें मुडिये" बोलला की आरू मागनं ओरडायची, "बाया मुडिये!" हे एकदा बोलले, "बाया मुडल्या की रस्ता चुकलाच समजा." मावशी बोलली, "तुमच्या म्हशीनं तरी कुठं सांगितला?"

वहीचं वेगळं. तिच्यात मावशीनं स्वताचे नकाशे भरलेले, बटणाएवढं एक यंत्र तिला टोचलेलं, ते आभाळातनं आपली जागा आणायचं, अन नकाशावर निळा ठिपका चालायचा. तो ठिपका म्हंजे आपण. पण चालवणाऱ्यानं स्क्रीनमध्ये बघायचं कसं? उन्हात तर काय दिसायचं पण नाय. बाजूला कोणतरी बसून वाचायला पायजे. मावशीनं दोन शिटांच्या मध्ये फळी ठोकली, वही तिच्यावर ठेवली, अन मला बोलली, "बस इथं."

"मला नाय जमायचं मावशी. मी सातवी."

"मग आठवी इथं कर."

पहिल्याच दिवशी तिनं इचारलं, वरची वाडी कुठं आहे दाखव. मी नकाशात उजव्या बाजूला बोट ठेवलं. ती बोलली, "वर म्हणजे उत्तर गं. कागदाच्या माथ्याला." मी बोलले, "उत्तर असंल तुमची, पण वर म्हंजे डोंगर. पाणी तिकडनं खाली येतंय ना?" कोण दुसरं असतं तर हसलं असतं. मावशीनं आधी डोंगराकडं बघितलं. मग तिनं अख्खा नकाशा फिरवला, डोंगर माथ्याला आणला अन बोलली, "बरोबर आहे तुझं. डोंगर वर ठेवू." त्या दिवसापासनं मी बसले की डोंगर वर. संध्याकाळी भाकरी खाताना आपल्याशीच बोलली, "इतकी वर्षं नकाशे काढले, एकानंही विचारलं नाही की तुम्ही वर कशाला म्हणता."

मला एवढी चटक लागली त्याची. रात्री डोळे मिटले तरी निळा ठिपका चालताना दिसायचा. कुठं इहीर, कुठं रस्ता संपतो, कुठं मोठी गाडी वळत नाय, मावशी वाडीत उतरून इचारायची अन मी खूण करायची. रस्ता बंद असला की लाल फुली. ठाकूरवाडीचा तर घोळच. आमच्याकडं दर डोंगराला एक ठाकूरवाडी, नकाशात नुसतं ठाकूरवाडी लिहिलेलं. सिद्धगडाच्या अंगाला जाताना अशा दोन लागल्या, एक वरली, एक खालली. खालल्या ठाकूरवाडीच्या रस्त्यावरची मोरी, ओढ्यावरचा बारका पूल, पावसात वाहून गेलेली. आमी चालत जाऊन बघून आलो, अन तिथं मी माझ्या हातानं फुली मारली.

त्याच दिवशी परत येताना मावशी बोलली, "वहीला शेजारी माणूस लागतं. पोपटाला लागत नाही. म्हणून जग पोपट घेतं." जराशानं बोलली, "माझं ठरलं. मी वही घेणार." अन पुढं बोलली, "मग माणूसही न्यावं लागेल." मी ऐकलं, पण आरूचं नाक पुसायला लागले.

अन मग तो दिवस. मावशीचं ठरलं तरी परीक्षा चालूच व्हती, त्या दिवशी पाळी पोपटाची, वही फळीखालच्या खणात बंद. सिद्धगडाच्या पायथ्याला दुपारचं थांबलो, मावशी शेगडीवर खिचडी टाकत व्हती, मी पाणी भरत व्हते. आरू दगड उचलून चूल मांडत व्हती. एका दगडाखालनं इंगळी निघाली अन तिच्या उघड्या पायाला डसली. आरू ओरडली ती अजून माझ्या कानात आहे. मावशीनं खिचडी तशीच रस्त्यावर ओतली, शेगडी बंद केली अन गाडी काढली. पोपटाला मुरबाड सांगितलं. मला बोलली, "वही उघड. पोपटावर नको राहायला."

मी उघडली. एका हातात आरू, एका हातानं बटणं दाबतेय. वही चालू झाली ती सरळच, उत्तर माथ्याला. डोंगर उजवीकडं गेलेला. फिरवायचा कसा, रोज करायची, तेच आठवंना. दोन रस्त्यांवर दोन ठाकूरवाड्या दिसतायत, वरली कुठली? डोंगराकडची का माथ्याकडची? फुली डाव्या रस्त्यावर दिसतेय, पण त्या दिवशी मी ती चुकीच्या वाडीला मारली असंल तर? मी सातवी शिकलेली बाई. अन तिकडं पोपट एवढा साफ बोलतोय, आवाज जरा पण हलत नाय. त्याची पोर थोडी मरत व्हती.

म्हणून बोलले, पोपट सांगतो तसं जावा. मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं अन डावी घेतली.

पुढचं मी अजून कुणाला सांगितलं नाय. थोडं पुढं गेल्यावर मला चिंच दिसली, जिच्याखाली आमी त्या दिवशी बसलेलो. मग निळ्या पत्र्याचं घर. मग बांधावरचं तुटलेलं कुंपण. सगळं ओळखीचं. मावशीची नजर रस्त्यातल्या खड्ड्यांवर, तिला ते दिसलं नसंल. वहीत निळा ठिपका फुलीकडं सरकतोय अन मी बघतेय. मला कळलं व्हतं. फुली बरोबर हाय, हे मला चिंचेपाशीच कळलं व्हतं. अन माझं तोंड उघडंना. वाटलं, आता बोलले तर मावशी बोलंल, मघाशी का नाय बोललीस? वाटलं, मोरी बांधली असंल तोवर. वाटलं, काय पण वाटलं. आरूनं उलटी केली, मी तिचं तोंड पुसलं, अन गप बसले.

मोरी नव्हती. नुसता खड्डा, त्यात दगड.

मावशी रागावली नाय. "घट्ट धर तिला," एवढंच बोलली. गाडी वळवायला जागा नाय, दोन्हीकडं बांध. आरशात बघत ती लांब गाडी तिनं मागं मागं नेली, खालचा ओठ दातात धरून, एका शेतात शिरायची वाट सापडंपर्यंत. तिथं वळवली. मग उजवा रस्ता. अख्ख्या वाटेत ती आरूशी मोठ्यानं बोलत राहिली, "आरू, झोपायचं नाही हं. म्हैस काय म्हणाली होती सांग? मला वाट दिली का तिनं?" आरू काय बोलत नव्हती. मी पोपटाची वायर उपटून टाकली.

मुरबाडला डॉक्टरांनी लगेच धरलं, गोळी, सलाईन, इंजेक्शन. बोलले, अजून थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात नव्हतं. संध्याकाळच्या टायमाला आरूचे हात गरम झाले अन ती पाणी बोलली. मी बाहेर बाकड्यावर येऊन रडले. मावशी बाजूला बसली. वही तिच्या मांडीवर, डोंगर वर केलेला. तिनं बोट ठेवलं अन हळू बोलली, "फुली अगदी जागेवर होती गं. तुला नकाशा येतो. फक्त बोलायचं राहिलं."

तेवढ्यात हे आले, आटगावला कामावर व्हते, कुणाच्या तरी बाईकवरनं आले. आरूला बघितलं, डॉक्टरांशी बोलले, अन बाहेर येऊन उभे राहिले. डोळे लाल.

"डॉक्टर बोलतात उशीर झाला. रस्ता कुणी चुकवला?"

मी वर बघितलं. मावशी माझ्याकडं बघत व्हती. रागानं नाय. ती थांबली व्हती, जशी फाट्यावर थांबलेली. मी फरशीकडं बघितलं.

"मी चुकवला," मावशी बोलली. "गाडी माझ्या हातात होती."

"त्या डब्याच्या नादानं माझ्या पोरीला डोंगरात नेली तुमी! पोर गेली असती तर परत दिली असती का तुमच्या डब्यानं? उद्या गाडी उचला आमच्या दारातनं."

"हो," मावशी बोलली.  वही मिटली अन पाणी आणायला गेली, यांच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरूला घेऊन घरी आले तर आंब्याखाली चाकांच्या खुणा. माझी घासायची राहिलेली भांडी धुवून ओट्यावर पालथी घातलेली. शेजारीण बोलली, जाताना बाई एवढंच बोलली, पोरीला बूट घालायला सांगा.

हे अजून सगळ्यांना सांगतात, कोण येडी म्हातारी आलेली, डब्याचं ऐकून आमची पोर मारली असती. मी चहा देते अन आत जाते. खरं सांगितलं तर हे काय बोलतील मला ठावं हाय. जी आई फुली बघून तोंड मिटून बसली, तिच्या हातात पोर कशी ठेवायची, असं बोलतील. 

मागच्या आठवड्यात फोन आला. मावशी. गुजरातेत कुठं तरी व्हती. "आरू कशी आहे?" मी बोलले, बरी हाय, धावते. ती हसली. मग बोलली, "वाचायला कुणी नाही ना, म्हणून वही बंदच असते. पोपटाच्या भरवशावर चाललंय. काल तर नदीतच घातलं असतं त्यानं, जेमतेम ब्रेक लागला." मला बोलायचं व्हतं. मावशी, थांबा, एकट्या जाऊ नका. मावशी, मी यांना सांगते. हे जेवत व्हते, ताटावरनं वर बघितलं.

"कुणाचा गो फोन?"

"राँग नंबर," मी बोलले अन कापला.

तेव्हापासनं फोन उचलते, नंबर काढते, परत ठेवते. आरूकडं बघते, ती खळ्यात दगडाला हात लावते अन मी ओरडते. आता तुमी सांगा. फाट्यावर माझ्या जागी तुमी असता, छातीला तुमची पोर असती, तर डावी बोलला असता का उजवी? बरं, ते जाऊ द्या, तिथं कुणाचं पण डोकं फिरंल. पण त्या बाकड्यावर, पोर वाचलेली, मावशी गप तुमच्याकडं बघत थांबलेली, तिथं तुमी काय बोलला असता?