अमीन पॅटर्नवाल्याचा प्रोसेसर

उचगावात अमीन पॅटर्नवाल्याचं घर कुणालाही विचारा, दाखवतील. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या भागाचा लाकडी नमुना लागतो. त्याला म्हणतात पॅटर्न, आणि तो करण्यात तीस वर्षं अमीनचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आता लाकडाला कोण विचारतो? कंपन्यांना कॉम्प्युटरवर काढलेलं थ्रीडी ड्रॉइंग पाहिजे, पुढचं सगळं मशीन कापतं. मग पन्नाशी उलटल्यावर अमीन तेही शिकला. पटाशी धरणारी बोटं माऊसवर वळायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत कोण कोण हसलं ते तो अजून विसरलेला नाही.

कॉम्प्युटर मात्र एका बंद पडलेल्या ऑफिसातून आलेला, जुनाट. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीनं पंपाच्या बॉडीचं काम दिलं आणि यानं ऐन वेळी दगा दिला. फाईल उघडली की पडदा गोठायचा. कंपनीचा तरुण इंजिनिअर ऋतुराज फोन करायचा, आणि अमीन म्हणायचा, "उद्या देतो." असं तीनदा झालं. बाकीच्या फाउंड्रींनी कधीच पाठ फिरवली होती. हे काम हातचं गेलं की अमीन पॅटर्नवाला संपला, उरला नुसता अमीन. हे त्याला कळत होतं, आणि त्याच्या बायकोला, नसरीनला, त्याच्याही आधी कळलं होतं.

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात राजनंदिनी बसते. तिनं तोडगा काढला. कॉम्प्युटर तोच ठेवा, त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, तेवढा नवा घाला.

"बसवायला मी येऊ का काका?"

"पोरी, मी केसाच्या मापानं काम करणारा माणूस हाय. एवढी चकती बसवायला तू कशाला पायजेस?"

आणि खरंच, गुरुवारी दुपारी त्यानं ती बसवली ती अशी की बघत राहावं. जुना प्रोसेसर अलगद उचलला, नवा खाचेत ठेवला, वर पंखा घट्ट केला. एवढ्यावर थांबला असता तर काही बिघडत नव्हतं. पण तीस वर्षांची सवय आडवी आली.

पॅटर्नच्या धंद्यात एक कडक शिस्त असते. ड्रॉइंग बदललं की जुना पॅटर्न त्याच दिवशी करवतीनं कापायचा. नाहीतर साचा भरणारा मोल्डर चुकून तोच उचलतो. तरणा असताना अमीननं असा एक जुना पॅटर्न हौसेनं ठेवून दिला होता. त्यावर दोनशे नग ओतले गेले, सगळे भंगारात. उस्ताद महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. तेव्हापासून बदललेली वस्तू मोडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यानं पक्कड घेतली, जुन्या प्रोसेसरच्या पोटाखालच्या सुईसारख्या सोनेरी पायांच्या सात-आठ ओळी दाबून आडव्या केल्या, आणि मग समाधानानं बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

दहा वेळा चालू-बंद करून झालं. घाम फुटला तेव्हा त्यानं राजनंदिनीला फोन लावला.

"काका, प्रोसेसर ज्याच्यावर बसतोय त्यो बोर्ड जुना हाय की. त्याला नवा प्रोसेसर वळखायला येत न्हाय. आधी बोर्डातला प्रोग्रॅम अपडेट करावा लागतोय. काय न्हाय, जुना प्रोसेसर परत लावा आणि कॉम्प्युटर घिऊन या, मी करून देते."

अमीननं हातातल्या पकडीकडं बघितलं.

"काका? जुना हाय न्हवं?"

"तुझ्याकडं दुसरा तसला?"

"तसला आता कुठला मिळतोय! पुण्यासनं मागवला तर चार दिवस."

अमीननं फोन ठेवला. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्याला वाटलं. नसरीननं तो जुना प्रोसेसर उचलला, उजेडात धरला, उलटा-पालटा केला.

"पाय मोडल्यात कुठं? वाकल्यात नुसतं," ती म्हणाली आणि शिवणाच्या डब्यातून बारीक सुई काढून उंबऱ्यात बसली. ती एकेक पाय उभा करत गेली, श्वास रोखून, पापणी न हलवता. एक जरी तुटला असता तरी खेळ खलास होता. तासाभरात तिनं पाच ओळी सरळ केल्या. अमीनच्या जिवात जरा जीव आला. रात्रीपर्यंतची मुदत मागावी म्हणून तो परसात गेला आणि त्यानं ऋतुराजला फोन केला. लाईट गेली होती वगैरे काही सांगितलं नाही. स्वतःच्या हातानं घोळ घातला, हे खरं तेच बोलला.

"राती आठपर्यंत द्या साहेब, पाया पडतो."

"अवो चाचा, ते काम सोमवारीच दुसऱ्याला दिलं की. ड्रॉइंग आलंबी त्याचं. तुमास्नी सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बगा."

पुढं तो काहीतरी चांगलंच बोलत होता, पुन्हा काम निघालं तर बघू असलं. अमीनला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तो भिंतीला हात लावून उभा राहिला. मग तोंडावर पाणी मारून आत आला.

"काय म्हणालं?" नसरीननं मान वर न करता विचारलं. तिचे डोळे लाल झाले होते. "दोनच वळी ऱ्हायल्यात."

अमीन तिच्या शेजारी बसला. मोबाईलची बॅटरी लावून त्यानं सुईच्या टोकावर उजेड धरला.

"थांबतो म्हणालं," तो म्हणाला. "तू कर सावकाश."