कुसाबाई आत राहिल्या

सकाळचे साडेसात वाजले होते. एका हाताने दुधाखालचा गॅस बारीक करत मी दुसऱ्या हाताने ह्यांच्या डब्यात भेंडीची भाजी भरत होते, आणि हे बाहेरच्या खोलीतून स्कूटरची किल्ली कुठे आहे म्हणून मलाच विचारत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार कोण ठोठावतंय, असं पुटपुटत ह्यांनी दार उघडलं आणि मला हाक मारली, "अगं, आपल्या सहलीतल्या कुसाबाई आल्यात."

कुसाबाई उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. सिन्नरहून पहिल्या जीपने आल्या होत्या. केसांवर धूळ, काखेत कापडी पिशवी. मी आत बोलावलं तशा आल्या, पण दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. मी दार लोटायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या वैनी, उघडंच राहू द्या."

त्यांची आणि माझी ओळख गेल्या जानेवारीतली. आमच्या गंगापूर रोडवरचा मयुरेश सहली काढतो. त्याच्याबरोबर आम्ही बत्तीस जण आंध्रात गेलो होतो. समुद्र, कॉफीचे मळे आणि डोंगरातली चुनखडीची गुहा, असा आठ दिवसांचा बेत. मयुरेशच्या सहलीचं वैशिष्ट्य म्हणजे स्वयंपाकघर बरोबर असतं. प्रवाशांची बस पुढे, आणि मागे शेगड्या, पराती, पिठाची पोती आणि तीन स्वयंपाकी घेऊन एक टेंपो. जाहिरातीत तो लिहितो, 'कुठेही जा, घरची पोळी.' ती घरची पोळी म्हणजे कुसाबाई.

वय पंचावन्नच्या आसपास. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन घोटीला. अकरा वर्षं त्या या टेंपोतून भारतभर फिरत आहेत. मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते एका पेट्रोल पंपामागे, झाडाखाली पाट मांडून पोळ्या लाटताना. तव्यावरच्या पोळीकडे न बघता ती कधी उलटायची हे त्यांना कळत होतं. मी विचारलं, "कुसाबाई, तुमचा तर सगळा देश पाहून झाला असेल?"

"झाला की," त्या म्हणाल्या. "समद्या पार्किंगा पाहून झाल्या. रामेश्वराची पार्किंग लय ऐसपैस हाय. द्वारकेला वारं फार, शेगडी टिकत नाय."

"आणि देऊळ?"

"कळस दिसतो ना टेंपोतून."

हे त्या तक्रारीच्या सुरात अजिबात बोलल्या नाहीत. मलाच मात्र ते टोचत राहिलं. म्हणून गुहेच्या दिवशी, दुपारची जेवणं लवकर आटोपल्यावर, मी त्यांचं तिकीट काढलं आणि म्हटलं, "आज चलाच. भांडी ते दोघं घासतील."

त्या घाबरल्या, लाजल्या, मग पदराला हात पुसून निघाल्या. बरोबरच्या स्वयंपाक्याने टोमणा मारला, "कुसामावशी आज पाशिंजर झाल्या!" "जळतोस का रे मेल्या," त्या म्हणाल्या. इतकं खूश मी त्यांना त्या आठ दिवसांत तेवढं एकदाच पाहिलं.

आत पायऱ्या खाली खाली जात होत्या. लाल, हिरवे दिवे लावलेले. गाइड हिंदीत, प्रत्येक वाक्याला टॉर्च मारत सांगत होता, हे बघा मगर, हे बघा मशरूम, ही आई आणि तिचं बाळ. छतातून दगडाचे लोंबते सुळके, आणि प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब. कुसाबाई मान वर करून म्हणाल्या, "कुरडयांचा चीक सांडल्यासारखा दिसतोय, नाय?" गाइडने सांगितलं, हा दगड बोटभर वाढायला शेकडो वर्षं लागतात. त्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आन आपल्याकडं पोळी दोन मिनिटं उशिरा आली तर लोक ताट वाजवत्यात."

तळाशी, एका अरुंद फटीतून वर चढून गेलं की एक पिंड होती. बहुतेक जण खालूनच नमस्कार करून वळले. कुसाबाई चढल्या. मी खाली थांबले होते. हे पलीकडून ओरडले, "अगं ये, फोटो काढतोय सगळ्यांचा!" मी गेले. फोटो झाला, पुन्हा एकदा झाला, कारण कोणाचे तरी डोळे मिटले होते. मग गाइड घाई करू लागला, बंद व्हायची वेळ झाली, चला, चला. त्या गर्दीत मी पायऱ्या चढून वर आले.

बसमध्ये मयुरेशने नेहमीप्रमाणे खुर्च्यांच्या पाठीला हात लावत मोजलं. "तीस, एकतीस, बत्तीस. पूर्ण! घ्या गाडी." मी मागे वळून पाहिलं. टेंपो निघून गेला होता. मला वाटलं, कुसाबाई टेंपोत गेल्या. टेंपोतल्यांना वाटलं, त्या आज प्रवाशांबरोबर आहेत, बसमधूनच येतील.

हॉटेल अर्ध्या तासावर होतं. वाटेत चहाला थांबून सात वाजता पोचलो, लगेच जेवायला बसलो, वरणभात आला, आणि कोणीतरी विचारलं, "आज पोळ्या नाहीत का?"

तेव्हा शोधाशोध झाली.

मयुरेश जीप करून परत गेला. रखवालदाराला शोधून कुलूप उघडायला लावलं. साडेआठच्या सुमारास कुसाबाई आल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, तळवे खरचटलेले. मयुरेश आम्हाला म्हणाला, "थोडी गडबड झाली होती, आता सगळं ओके आहे." आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनीच विचारलं, "जेवलात का वैनी?"

नाशिकला आल्यावर मी मयुरेशला दोन पानी पत्र लिहिलं. त्याचा नम्र फोन आला. "काकू, तुमची भावना पोचली." पाठोपाठ पुढच्या सहलीसाठी सवलतीचं कूपन आलं. माझ्या नावाने. मी त्याला पुन्हा फोन केला, तर म्हणाला, "स्टाफचं वेगळं असतं काकू, तुम्ही नका त्रास करून घेऊ."

आणि आज दहा महिन्यांनी कुसाबाई माझ्या दारात. मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत.

"येत्या सोमवारी निघायचंय," त्या म्हणाल्या. "तिकडंच. तीच सहल."

"तुम्ही जाताय?"

"जाते ना. घरी तरी काय करू? दार लावून झोपता येत नाय. न्हाणीचं दार उघडं ठिवते, दिवा रातभर जळतो. लेक म्हनते, आई, जाऊ नको. पण मला ह्योच उद्योग येतो."

ह्यांनी किल्ली शोधणं थांबवलं होतं. मी धीर करून विचारलं, जे मी इतके महिने विचारलं नव्हतं. "आत काय झालं, कुसाबाई?"

"दिवे गेले. आधी वाटलं, लाइट गेली, येईल. तुम्हाला हाका मारल्या. चार-पाच मारल्या असतील. माझाच आवाज फिरून येई, म्हनून गप बसले." त्या दाराकडे बघत बोलत होत्या. "घाबरले नाय तवा. म्हनलं, आता गाडीत मोजत असतील. मोजलं का कळंल, एक कमी हाय. अकरा वर्सं बघते ना मी, मयुरेशभाऊ मोजल्याबिगर गाडी हलवत नाय. म्हनून बसून राहिले. पानी टपटप पडायचं, मीबी संगं मोजायचे. लय येळ झाला तवा माझ्या ध्यानात आलं, का मी त्यात नसतेच."

दूध उतू गेलं. मी उठले नाही, ह्यांनीच जाऊन गॅस बंद केला.

मी भराभरा बोलत सुटले. त्यांना म्हटलं, आपण तक्रार करू, मी पुन्हा लिहिते. म्हटलं, सहली सोडा, इथे आमच्या सोसायटीत चार घरं मिळवून देते पोळ्यांची. म्हटलं, चूक माझी होती, मी तुम्हाला आत नेलं आणि सोडून आले. कुसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. तळव्यावर पांढरा वण होता.

"तक्रार नगं वैनी. कामबी नगं. मी सांगितलं तर भाऊ हसतो. तुमचं शिकलेल्या मानसाचं ऐकंल कदाचित."

मयुरेश माझंही ऐकत नाही, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

"काय सांगू त्याला?" मी विचारलं.

"एवढंच सांगा. गाडीत मानसं मोजताना मला धरून तेहतीस मोजा."